झाकून ठेवलेला भात

१

सन दोन हजार चोवीस. मार्गशीर्ष लागून चार दिवस झाले होते. धानाची कापणी आटोपली होती, बांध्या उघड्या पडल्या होत्या, आणि सकाळी नऊ-दहापर्यंत वैनगंगेवरचं धुकं भंडाऱ्याबाहेरच्या नव्या लेआउटांवर बसून राहत होतं.

जागेश्वर तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. शिक्षण चौथी. तीस वर्षं तो या शहरात लोकांना घरं दाखवत आला होता. लोक दलाल म्हणत. त्याला तो शब्द टोचे, पण त्यावरून तो कोणाशी भांडला नाही. घर दाखवायचं, भिंतीला ओल असेल तर ओल आधी दाखवायची, मग भाव सांगायचा, हा त्याचा रिवाज. गिऱ्हाईक कुठलं यावरून ते काय बघणार, हे त्याला आधीच कळे. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आल्याआल्या नळ सोडून बघतो. वरठीचा कामगार विचारतो, सायकलने स्टेशन किती मिनिटं. तुमसरचा राइस मिलवाला घराकडे बघतच नाही. गल्लीत ट्रक वळेल का, तेवढं बघतो.

त्याचा आणखी एक नेम होता. ज्या घराचा सौदा, त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. कोणी चहा पुढे केला की तो हात जोडी. खाल्लं की जीभ मिंधी होते, असं त्याचं म्हणणं. तीस वर्षांत हा नेम त्याने एकदाच मोडला होता. ते कोणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्यांची घरं विकता विकता म्हातारपणी त्याने एक घर स्वतः बांधलं. वरठीच्या रस्त्याला, तीन खोल्यांचं. एकुलत्या एका मुलीसाठी, दामिनीसाठी. जावई मनिष कारखान्यात पाळीवर जाई आणि दोघं सहा वर्षांपासून भाड्याच्या दीड खोलीत राहत होती. सोमवारी वास्तुपूजा ठरली होती.

घरात सगळं नवं होतं. फक्त पुढच्या दाराची चौकट जुनी. सागवानाची, चार बोटं जाड, दोन पल्ल्यांची. आतून लावायला लोखंडी साखळी. ती पल्ल्यापासून उचलून चौकटीच्या माथ्यावरच्या कोंड्यात अडकवायची. धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावातून ही चौकट त्याने अकरा वर्षांपूर्वी आणली होती आणि गोदामात ठेवली होती. पंचवीस गिऱ्हाइकांनी मागितली. त्याने विकली नाही. शेवटी आपल्याच घराला लावली. अकरा वर्षं झाली, लाकडाला काय माहीत, असं तो स्वतःला म्हणाला.

२

गुरुवारी सकाळी तो एकटाच घर बघायला गेला. कुलूप काढलं, पल्ला ढकलला. पल्ला हलला नाही. खांदा लावला, तरी नाही. फटीतून बघितलं तर साखळी वर चढवलेली होती.

बाहेरून कुलूप आणि आतून कडी.

तो घराला वळसा घालून मागे गेला. मागच्या दाराचं कुलूप जागच्या जागी होतं. चावी त्याच्याच जुडग्यात. दार उघडून तो तिन्ही खोल्यांतून फिरला. कोणी नव्हतं. खिडक्यांच्या जाळ्या शाबूत होत्या, टाइल्सवर ऊन पडलं होतं, रंगाचा वास होता. त्याने हात वर करून साखळी काढली. साखळी ओली होती.

धुकं, तो मनात म्हणाला. पण बंद घरात शिरून धुकं एका साखळीवरच बसत नाही, हेही त्याला कळत होतं.

थोड्या वेळाने बाबुलाल आला. बाबुलाल सुतार. त्यानेच ती चौकट बसवली होती, आणि आज पल्ल्याची कड तासायची होती.

"बाबुलाल, साखळी आपोआप वर चढते का रे?"

"खाली पडते जी. पिऊन पडलेला माणूस आपोआप वर चढत नाही, लोखंड कायले चढन?"

"काल तूच लावली असशील."

"लावून मंग मी निघालो कुठून? मागची किल्ली त तुमच्यापाशी. किल्लीच्या भोकातून?"

जागेश्वरने रुमालाने साखळी पुसून घेतली. चेष्टा त्याला फारशी मानवत नसे.

दुपारी दोघं बाहेर सिमेंटच्या पोत्यांवर बसून आपापली शिदोरी खात होते. तेवढ्यात आतून आवाज आला. पितळेचं भांडं कोणीतरी उचललं. मग जरा वेळ काही नाही. मग ते खाली ठेवलं. टण्.

बाबुलालचा घास हातात राहिला. "आत भांडे आणून ठेवले का जी?"

"नाही."

"मंग मांजर असन."

"मांजराले पाडाले भांडं लागते ना."

बाबुलालने दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. आतल्या टाइल्स लख्ख दिसत होत्या, आणि घरात अजून एक चमचासुद्धा आलेला नव्हता.

३

जागेश्वर कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. स्वतःच्या भीतीवरही नाही. शुक्रवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, त्याने साखळी खाली सोडली आणि पल्ल्याच्या खिळ्याला सुतळीने बांधून टाकली. पाच गाठी मारल्या. मागच्या दाराने निघाला, दोन्ही कुलपं ओढून बघितली.

शनिवारी सकाळी साखळी वर होती.

सुतळी खिळ्याला टांगलेली होती. तुटलेली नव्हती, कापलेली नव्हती. त्याच्या पाचही गाठी सोडवल्या होत्या आणि त्याच सुतळीला नव्या गाठी घातल्या होत्या. वीतभर लांबीचं, बोट जाईल एवढ्या घरांचं, सारखं विणलेलं जाळं. मासोळी धरणाऱ्या माणसाचा हात.

अशा गाठी मारताना त्याने एका बाईला बघितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. याच चौकटीच्या उंबरठ्यावर बसून.

त्याने ती सुतळी खिशात घातली. बाबुलालला बोलावलं.

"ही चौकट काढून टाक. साधी लोखंडी बसव."

"आता? परवा पूजा आहे जी. चौकटीले हळद तुमीच लावली, नारळ तुमीच फोडला. काढली तर अख्खी भिंत खचन. आन् लोकं काय म्हणतीन? जागेश्वरभाऊनं तीस वर्सं दुसऱ्याच्या घराच्या खोडी दाखवल्या, आन् आपलंच दार उपटून राहिले?"

हे शेवटचं वाक्य लागलं. जागेश्वरने चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "राहू दे."

तेवढी एक गोष्ट त्याने तेव्हा केली असती, तर पुढचं काही झालं नसतं.

४

रविवारी दुपारी दामिनी तोरण बांधायला आली. मनिष पहिल्या पाळीला गेला होता. बाबुलाल अंगणात उरलेलं रंधकाम करत होता. तिने पायरीवर चपला काढल्या.

"बाबा, दार त लय भारी दिसून राहिलं. कोणाच्या घरचं होतं?"

"जुनं आहे," तो म्हणाला.

ती आत गेली. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. तिच्या मागे एक पल्ला मिटला, मग दुसरा. मग साखळीचा आवाज आला. एकेक कडी मोजत वर चढावी तसा. शेवटी कोंड्यात बसल्याचा.

"बाबा, कडी कायले लावली?" आतून दामिनी.

"मी बाहेर आहो. तू काढ ती."

"हात पुरून नाही राहिला. वर गेली."

"कुठी वर? चौकट सात फुटाची आहे. खुर्ची घे."

"बाबा, इथं अंधार काहून आहे?" मग थोडं थांबून, "टाइल्स कुठी गेल्या? पायाखाली माती लागून राहिली. ओली."

तिचा आवाज लांबून येत होता. ती खोली बारा फुटांची होती. आवाज बारा फुटांवरून येत नव्हता. मोठ्या विहिरीच्या तळाशी उभं राहून कोणी बोलावं तसा होता.

जागेश्वर मागे धावला. गेल्या पंधरा वर्षांत तो धावला नव्हता. मागचं दार उघडून पुढच्या खोलीत आला. खोली रिकामी. ऊन. टाइल्स. साखळी वर चढवलेली. आणि दारापलीकडून, पायरीच्या बाजूने, दामिनीचा आवाज, "बाबा, तुमी कुठी गेलते?"

त्याने साखळी ओढून काढली, दोन्ही पल्ले उघडले. पायरीवर तिच्या चपला होत्या. बाबुलाल रंधा हातात धरून उभा होता.

"भाऊ," बाबुलाल म्हणाला, "आवाज तर आतून येऊन राहिला."

आत उभं राहिलं की ती बाहेर होती. बाहेर उभं राहिलं की ती आत होती. मधे फक्त चार बोटं जाड लाकूड होतं.

तो बाहेर आला. त्याच्या मागे पल्ले आपसूक मिटले आणि साखळी चढली. त्याने फटीला डोळा लावला.

आत त्याचं घर नव्हतं. ठेंगणं कौलारू छप्पर. उजेड हिरवट, हलणारा, पाण्याखालून वर बघितल्यावर दिसतो तसा. सारवलेली जमीन. कोपऱ्यात चूल. दामिनी भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. चुलीपाशी तिच्याकडे पाठ करून दुसरं कोणी बसलं होतं. उघडी, भिजलेली पाठ. खांद्यावर जाळं. त्या माणसाने पुढ्यातल्या मडक्यावरची पितळी, पितळेची ताटली, उचलली. आत बघितलं. पुन्हा झाकून ठेवली.

टण्.

ती चूल जागेश्वरला माहीत होती.

५

अकरा वर्षांपूर्वीचा जेठ. गाव पाण्याखाली जायचं होतं आणि महिनाअखेर सगळ्यांना निघायचं होतं. गुणाबाईचं घर नदीकाठचं, मासोळी धरणाऱ्यांचं. नव्या वस्तीत टिनाचं घर बांधायचं, त्याला एवढी जड चौकट कशाला, म्हणून तिने ती जागेश्वरला विकली. तो मजूर घेऊन आला त्याच दिवशी तिच्या सामानाची शेवटची गाडी निघत होती. पोरगा लिलाधर गाडीवर बसला होता. नवरा बुधराम मात्र पहाटेच डोंगा घेऊन नदीवर गेला होता. मी गाव सोडत नाही, असं सांगून.

तिने चुलीमागे मडक्यात भात आणि झिंग्यांचं कालवण ठेवलं, वर पितळी झाकली आणि जागेश्वरला म्हणाली, "भाऊ, लिलाधरचे बाबा येतपर्यंत बसजा. म्हणजा, भात झाकून ठेवला आहे, जेवून घ्या, आन् नव्या वस्तीत सातव्या लायनीत या, गुणा वाट पाहून राहिली. आमचं ते आयकत नाही. परक्यानं सांगितलं त मानतीन."

"सांगतो," जागेश्वर म्हणाला. "शब्द दिला."

चौकट निघाली. मजुरांनी ट्रॅक्टरवर चढवली. दुपार कलली. बुधराम आला नाही. जागेश्वर सकाळपासून उपाशी होता. गावात दुकान उरलं नव्हतं, माणूस उरला नव्हता. मडक्यातून वास येत होता. त्याने पितळी उचलली. चार घास खाईन म्हणाला आणि सगळं खाल्लं. रिकामं मडकं पुन्हा झाकून ठेवलं. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. जागेश्वर उठून गेला.

पावसाळ्यात कळलं. पाणी चढलं आणि बुधरामचा डोंगा बाभळीत उलटा अडकलेला सापडला. बुधराम नाही सापडला. जागेश्वर गुणाबाईकडे गेला नाही.

दार नाही, माणूस नाही, भात नाही, निरोप नाही. अशा घरात तो परतला असणार. आणि पितळी उचलून बघितली असणार.

६

"दामिनी म्हणून हाका मारत राह," जागेश्वर बाबुलालला म्हणाला. "थांबू नको. ओ देते तोवर ती आहे."

"तुमी कुठी चालले?"

"भात आणाले."

नवी वस्ती बारा किलोमीटर. कोणी ढकलावं तसा तो मोटारसायकलवर बसला. सातवी लाइन त्याला विचारावी लागली नाही.

गुणाबाई ओसरीवर जाळं सांधत बसली होती. केस पांढरे झाले होते. हात तेच.

"गुणाबाई, मी जागेश्वर. चौकट नेली होती."

"वळखते जी. म्हातारे झाले तुमी. बसा."

तो बसला नाही. "तुमचा निरोप मी सांगितला नव्हता."

सुई थांबली.

"ते येतपर्यंत मी थांबलो नाही. आन् भात मी खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

कोंबडी ओसरीवर चढली. तिने हाकलली नाही. जाळ्याकडे बघतच बोलली. "मी अकरा वर्सं त्या माणसाले शिव्या देऊन राहिली. म्हटलं, जेवला, आयकलं, आन् तरी आला नाही. पितरपाटात पान बी वाढलं नाही म्या. लिलाधर म्हणे, वाढ ना माय. म्या म्हटलं, जो आपणहून गेला त्याले कायचं पान."

"माझी पोरगी त्यायच्यापाशी आहे," जागेश्वर म्हणाला. आयुष्यात तो कोणापुढे असा बोलला नव्हता. "आत्ता. त्या दारात."

ती उठली. दुपारचा भात झालाच होता. एका मडक्यात तिने तो काढला, वर झिंग्यांचं कालवण घातलं. फळीवरून पितळी घेतली. लग्नातल्या जोडीतली ती एक. दुसरी जुन्या घरातच, त्या भातावर झाकलेली राहिली होती. मडकं झाकलं, फडक्यात बांधलं, त्याच्या हातात दिलं.

"तुमी बी चला," तो म्हणाला. "तुमचं आयकतीन."

"मी नाही येत. मी तुमाले सांगून आली होती. सांगाचं तुमच्याकडं होतं."

७

बाबुलाल कुंपणाजवळ उभा होता. दारापाशी नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हाका कायले थांबवल्या?"

"अर्ध्या घंट्यापासून पोरगी ओ देऊन नाही राहिली जी." त्याने दाराकडे बोट केलं. "मी दामिनी म्हणतो, आन् आतून माणूस हो म्हणते."

जागेश्वरने त्याला गल्लीच्या तोंडाशी पाठवलं. मडकं उंबरठ्यावर ठेवलं. फडकं सोडलं. पितळीवर ऊन चमकलं. त्याने चपला काढल्या आणि बंद दारापुढे उभा राहिला. आत पाणी काठाला लागल्याचा आवाज येत होता. हळू, सारखा.

"बुधरामजी," तो म्हणाला. "भात झाकून ठेवला आहे. जेवून घ्या. आन् नव्या वस्तीत सातव्या लायनीत या. गुणा वाट पाहून राहिली."

पाण्याचा आवाज थांबला.

"हा निरोप अकरा वर्सं माझ्यापाशी राहिला. तुमचा भात मी खाल्ला होता."

रस्त्याने कारखान्याची बस गेली. मग साखळी उतरली. एकेक कडी. एक पल्ला वीतभर आत गेला.

आत काही दिसलं नाही. गार, शेवाळाचा वास आला. मग खालून, उंबरठ्याच्या अगदी जवळून, हात आला. फार दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचा असतो तसा, पांढरा, सुरकुतलेला. बोटांवर सुतळीचे घट्टे होते. मडक्याला हात लागण्याआधी तो थांबला. कोणी परवानगी मागावी तसा.

"जेवा," जागेश्वर म्हणाला.

मडकं आत गेलं. पल्ला लोटला गेला.

तेव्हा तो थांबला नव्हता. आता तो पायरीवर बसला. आतून जेवण्याचे आवाज येत होते. भात कालवल्याचा. झिंग्याचं डोकं चोखल्याचा. माणूस घाई नसताना जेवतो तसं. पायरीवरची सावली फाटकापर्यंत गेली. जागेश्वरने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मुलीला हाक मारावी असं त्याला शंभर वेळा वाटलं. त्याने मारली नाही. जेवत्या माणसाला उठवू नये.

शेवटी पितळीचा आवाज आला. आणि त्यानंतर दुसऱ्या पितळीचा.

"बाबा?"

दार उघडं होतं. आत टाइल्स होत्या, ऊन होतं, आणि दामिनी उभी होती. हातात तोरण तसंच. घोट्यापर्यंत पाय चिखलाने माखलेले. ती थंडीने कापत होती.

"त्यायनं मले विचारलं, कोणाची पोर आहेस," ती म्हणाली. "म्या तुमचं नाव सांगितलं. मंग ते काहीच बोलले नाही. नुसते पाहत राहिले."

"चपला घाल," जागेश्वर म्हणाला. "घरी चल."

उंबरठ्याच्या आत मडकं होतं. रिकामं, धुतलेलं. शेजारी पितळी होती, आणि तिच्याखाली आणखी एक, हिरवी पडलेली.

८

मुलीला घरी सोडून तो तसाच परत नव्या वस्तीत गेला. दिवस मावळायला अजून अवकाश होता. गुणाबाई ओसरीवरच होती. जाळं बाजूला ठेवलेलं.

जागेश्वरने फडकं सोडलं आणि मडकं खाली ठेवलं. मग पितळ्या दिल्या. दोन.

तिने हिरवी पडलेली पितळी पदराने पुसली. दुसरीवर ठेवली आणि दोन्ही उचलून आत घेऊन गेली.